‘तुंबाड’कार राही बर्वे : थांबणं आणि परत येणं
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत विषय छापून आल्यापासून दोन-तीन जणांनी मला गाठून विचारलं, “अहो, विघ्नहर्त्याच्या मांडवात हे भुताखेताच्या सिनेमाचं काय काढलंत?” प्रश्न रास्त आहे. एकतर ज्या सिनेमाबद्दल मी बोलणार आहे त्यात भूत हे निमित्त आहे, खरा विषय लोभ आहे. दुसरं म्हणजे हा सिनेमा लोकांनी दुसऱ्यांदा डोक्यावर घेतला तो ऐन गणेशोत्सवात, १३ सप्टेंबर २०२४ या दिवशी. त्या वर्षी चतुर्थी ७ तारखेला होती आणि अनंत चतुर्दशी १७ तारखेला. म्हणजे दहा दिवसांच्या अगदी मधोमध. तेव्हा बाप्पाची हरकत नसावी असं मी धरून चालतो.

आणि तिसरं कारण आपल्या गढ्याचं आहे. आपल्या डोक्यावर मदन महाल उभा आहे. एका अवाढव्य खडकावर बांधलेली गोंड राजांची ती चौकी. तिच्या सावलीत दोन खडकांच्या मध्ये सोन्याच्या विटा पुरलेल्या आहेत, अशी म्हण इथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी आहे. आपल्यापैकी जे इथेच जन्मले त्यांनी ती लहानपणी ऐकली असेल. त्या विटांच्या नादाने लोकांनी या टेकड्यांवर काय काय खणलं, हेही ऐकलं असेल. इतिहासातही तेच. राणी दुर्गावती १५६४ साली लढता लढता गेली. त्यानंतर अकबराच्या सरदाराने, आसफखानाने, चौरागडचा खजिना लुटला. बादशहाकडे थोडे हत्ती पाठवले आणि बाकीचं सगळं स्वतःजवळ ठेवलं. पुढे हिशेब मागितला जाईल या धास्तीने तोच पळत सुटला. पुरलेलं सोनं आणि ते सापडलेल्या माणसाची झालेली गत, हा विषय आपल्याला परका नाही. कोकणातल्या तुंबाडची गोष्ट गढ्यात बसून ऐकायला म्हणूनच काही अडचण नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. राही अनिल बर्वे हे नाव तरुणांना माहीत आहे. ज्येष्ठांना त्यांच्या वडिलांचं नाव आठवत असेल. अनिल बर्वे म्हणजे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’, ‘डोंगर म्हातारा झाला’, आणि विजया मेहतांनी बसवलेलं ‘हमिदाबाईची कोठी’ लिहिणारे. पेटलेला लेखक. १९८४ साली, चाळिशीही न गाठता ते गेले. तेव्हा राही अगदी लहान होते. नृत्यदिग्दर्शिका फुलवा खामकर ही त्यांची बहीण. एवढी घरची ओळख पुरे.

गोष्टीची सुरुवात १९९३ सालची. स्थळ नागझिऱ्याचं जंगल, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातलं. आपल्याला ते लांब नाही. आपल्या जुन्या छोट्या लाईनने सातपुडा उतरून गोंदियाला गेलं की पुढे नागझिरा. त्या जंगलात राहीला त्याच्या एका मित्राने नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली. पुस्तक वाचायला दिलं नाही बरं का, तोंडी सांगितली. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, चहूकडे जंगल, आणि धारपांची कथा! तो मुलगा जो घाबरला, ती भीती त्याने पुढची पंचवीस वर्षं जपून ठेवली.

नारायण धारप (१९२५ ते २००८) हे नाव इथे ज्यांनी घेतलं की अंगावर काटा येतो अशी निदान वीसेक माणसं या मांडवात असतील. लायब्ररीतून आणलेली, पुठ्ठा निखळलेली ती पुस्तकं, आणि रात्री वाचल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायची झालेली पंचाईत! धारप परदेशी कथा घेत आणि त्यांना आपल्या वाड्यांत, आपल्या माजघरांत आणून बसवत. राहीने ऐकलेली ती आजीची गोष्टही मुळात स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या कथेवरून बेतलेली होती. म्हणजे बघा, अमेरिकेतली आजी पुण्यात आली, पुण्याहून नागझिऱ्याच्या जंगलात आली, आणि तिथून पुढे तुंबाडच्या वाड्यात जाऊन साखळदंडाने बांधून घेऊन झोपली. गोष्टीला रिझर्व्हेशन लागत नाही. सांगणारा भेटला की ती निघते.

१९९७ साली बर्वेंनी पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. १९९७ म्हटलं की जबलपूरकरांना दुसरंच काहीतरी आठवतं, २२ मेची ती भूकंपाची पहाट. इथे घरं पडत होती आणि तिकडे अठरा वर्षांचा एक मुलगा एका पडक्या वाड्याची गोष्ट लिहीत होता. तारखा सोडल्या तर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण काळ किती लांबचा आहे ते ध्यानात यावं म्हणून सांगितलं. तेव्हा शाळेत असलेली आपली मुलं सिनेमा पडद्यावर यायच्या आत शिकून, नोकरीला लागून, लग्न होऊन मोकळी झाली.

मध्यंतरी २००८ साली बर्वेंनी ‘मांजा’ हा लघुपट केला. तो इंग्रज दिग्दर्शक डॅनी बॉयल यांना इतका आवडला की त्यांनी आपल्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या डिस्कवर त्याला जागा दिली. पण ‘तुंबाड’ला पैसा कोण देणार? नट ठरले, निर्माता ठरला, निर्माता गेला. ज्या सिनेमात गाणी नाहीत, प्रेमकथा नाही, नायक मुळात वाईट आहे आणि बाहेर सतत पाऊस आहे, त्याला कोण हात लावणार? पण बर्वेंनी त्या काळात सातशे पानांची चित्रवही तयार केली. कॅमेरा कुठे असेल, पाऊस कुठून पडेल, कंदील कुठल्या बाजूला असेल, सगळं काढून ठेवलं. आमच्या कारखान्यात जॉब मशीनवर चढवण्याआधी ड्रॉइंग पास करून घ्यावं लागतं, तसंच हे. फरक एवढाच की इथे ड्रॉइंग तयार होतं आणि मशीनचा पत्ता नव्हता!

शेवटी सोहम शाह हे निर्माते आणि नायक म्हणून पुढे आले आणि २०१२ साली चित्रीकरण झालं. मंडळी, व्याख्यानातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. चित्रीकरण झालं, जोडणी झाली, सिनेमा हातात आला आणि तो बघून लक्षात आलं की हा तो सिनेमा नव्हे. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, “चालतंय, लावा.” पैसा अडकलेला, व्याज चढतंय, माणसं थकलेली. यांनी पुन्हा लिहायला घेतलं, आनंद गांधी आणि आदेश प्रसाद यांची साथ मिळाली, आणि बराच भाग नव्याने चित्रित केला. ते काम २०१५ साली संपलं. पुढे दृश्यांचे संस्कार, ध्वनी, संगीत यांत तीन वर्षं गेली. पावसाळा खराच हवा, म्हणून एक पावसाळा हुकला की पुढच्या पावसाळ्याची वाट बघायची. शेतकरी बघतो तशी.

१२ ऑक्टोबर २०१८, नवरात्रात, ‘तुंबाड’ चित्रपटगृहांत लागला. त्याआधी व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाची सुरुवातच या सिनेमाने झाली होती. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणाला, कला-दिग्दर्शनाला आणि ध्वनीला फिल्मफेअर मिळालं. शीर्षकगीत आपल्या अजय-अतुल यांचं, आणि पार्श्वसंगीत येस्पर क्यूद या डॅनिश संगीतकाराचं.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, शेवट सांगत नाही. १९१८ साल, कोकणातलं तुंबाड गाव. हे नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मुळे आपल्या कानावरचं आहे. सिनेमाने नाव तेवढं घेतलं, कथा निराळी आहे. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर. त्याला सोनंही हवं आणि धान्यही हवं. बाकीच्या देवांनी त्याला धान्याला हात लावू दिला नाही. सोनं त्याच्यापाशी राहिलं, पण भूक काही भागली नाही. एका वाड्याखाली देवीच्या गर्भात तो अजून आहे. खाली उतरायचं, कणकेच्या बाहुलीचं आमिष दाखवायचं, तो ती खायला धावला की त्याच्या लंगोटातून मोहरा ओढायच्या आणि जिवानिशी वर यायचं. एका फेरीत मूठभर मोहरा. विनायक नावाचा तरुण पुण्याहून फेऱ्या मारतो. १९३३ साल येतं, १९४७ येतं. तिकडे देश स्वतंत्र होतो आणि इकडे विनायक आपल्या मुलाला, पांडुरंगाला, त्या विहिरीत उतरायचं शिक्षण देतो.

इथे एक खुलासा करून टाकतो, कारण मला आपल्याच एका कॉलनीत गंभीरपणे विचारण्यात आलं होतं. हस्तर हा आपल्या कुठल्याही पुराणात नाही. त्याची पोथी शोधू नका, सिनेमावाल्यांनी तो रचला आहे. पण इतका खरा रचला की लोकांना वाटलं, आजीने सांगायची राहून गेलेली एखादी गोष्ट असावी.

आणि आणखी एक. हा सिनेमा हिंदीत आहे, पण त्यातलं घर शंभर टक्के मराठी आहे. सासवडच्या पुरंदरे वाड्याचे बुरूज, माजघरातला अंधार, सोवळं-ओवळं, परकर-पोलकं, विनायकाच्या बायकोची गिरणी घालायची खटपट. ते काम अनिता दाते यांनी किती छान केलंय! भाषा बाहेरची आणि घर आतलं, ही अवस्था गढ्यातल्या मराठी माणसाला कोणी समजावून सांगायला नको. आपण फाटकाबाहेर पाऊल टाकलं की हिंदीत विचार करतो आणि चप्पल काढून आत आलो की मराठीत. मला वाटतं म्हणूनच हा सिनेमा मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, आपला आहे.

आता पुढे काय झालं? एवढी वर्षं खपून केलेला सिनेमा लागला आणि चालला जेमतेम. बघणारे थोडे होते. पण जे बघून आले ते गप्प बसले नाहीत. त्यांनी भावाला सांगितलं, मैत्रिणीला सांगितलं, होस्टेलच्या खोलीत पाचजणांना गोळा करून लॅपटॉपवर दाखवला. इंग्रजीत अशा सिनेमाला ‘कल्ट’ म्हणतात. आपल्याकडे त्याला संप्रदाय म्हणता येईल. संप्रदाय वाढतो तो जाहिरातीने वाढत नाही, एकाने दुसऱ्याच्या गळ्यात माळ घातल्याने वाढतो. सहा वर्षांनी, २०२४ च्या त्या गणेशोत्सवात तोच सिनेमा पुन्हा चित्रपटगृहांत लावला, आणि पहिल्या खेपेला झाली त्याहून जास्त कमाई दुसऱ्या खेपेला झाली. घरबसल्या बघायला मिळत असलेला सिनेमा लोकांनी तिकीट काढून पाहिला. असं आपल्याकडे फार क्वचित घडतं.

पण या सगळ्या काळात त्या सिनेमाचा दिग्दर्शक कुठे होता? २०१८ नंतर त्यांचा दुसरा सिनेमा पडद्यावर यायला २०२६ उजाडलं. सात वर्षांहून अधिक काळ. या काळात ते हातावर हात ठेवून बसले नव्हते. राज आणि डीके या जोडीबरोबरच्या ‘गुलकंदा टेल्स’ आणि ‘रक्त ब्रह्मांड’ या दोन मालिका २०२४ साली जाहीर झाल्या, त्यांचं दिग्दर्शन बर्वेंकडे. ‘तुंबाड’ हा तीन चित्रपटांतला पहिला असून पुढचे ‘पहाडपांगिरा’ आणि ‘पक्षितीर्थ’ हे आहेत, असंही त्यांनी सांगितलं. सोहम शाह यांनी ‘तुंबाड’चा दुसरा भाग जाहीर केला, तेव्हा बर्वे त्यात नव्हते. त्यांनी भांडण मांडलं नाही, शुभेच्छा दिल्या आणि आपल्या वाटेने गेले. पण घोषणा आणि पडदा यांत अंतर असतं. बघणाऱ्याच्या दृष्टीने दिग्दर्शक सात वर्षं गैरहजरच होता.

मग २०२६ च्या जानेवारीअखेर ‘मायासभा’ आला. नाव आपल्याला महाभारतात घेऊन जातं, जिथे दुर्योधन जमीन समजून पाण्यात पडला. इथे मयासुराचा महाल म्हणजे एक मोडकळीला आलेलं जुनं चित्रपटगृह आहे. त्यात एकेकाळचा बडा निर्माता आपल्या मुलाला घेऊन राहतो. जावेद जाफरी बाप झालेत, आणि मुलगा झालाय मोहम्मद समद. हा तोच मुलगा, ज्याने ‘तुंबाड’मध्ये पांडुरंगही केला आणि रंगरूप बदलून ती भयंकर आजीही केली. आणि पुन्हा तेच, लपवलेलं सोनं आणि ते शोधायला आलेली माणसं. वाडा जाऊन टॉकीज आली, पाऊस जाऊन धूळ-धूर आला, पण बाप-मुलगा आणि सोनं कायम आहे. माणूस सात वर्षांनी परत आला तो तोच प्रश्न हातात घेऊन आला.

मोडकी टॉकीज म्हटल्यावर इथल्या जुन्या लोकांच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते मला ठाऊक आहे. एम्पायर! प्रेमनाथांची एम्पायर टॉकीज. काय तिचा थाट होता, आणि बंद पडल्यावर काय तिची दशा झाली. प्रेमनाथ आपल्या जबलपूरचे. ‘बरसात’, ‘आन’चे देखणे नट, नंतर स्वतःच्या निर्मितीत हात पोळून घेतलेले, मग बराच काळ साधू-संन्याशांच्या संगतीत हरवलेले. तेच प्रेमनाथ १९७० साली ‘जॉनी मेरा नाम’मध्ये परत आले, ‘बॉबी’त आले, ‘कर्ज’मध्ये आले, आणि आजची पिढी त्यांना ओळखते ती या दुसऱ्या डावामुळे. नायक म्हणून गेले, खलनायक म्हणून परतले. जुना अंगरखा पुन्हा चढवायचा हट्ट त्यांनी केला नाही. परत येणाऱ्या माणसाने हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

भयपटांचाच विचार केला तरी उदाहरणं आहेत. कमाल अमरोहींनी १९४९ साली ‘महल’ दिला. झोका घेणारी मधुबाला आणि तो ओसाड वाडा, आपल्याकडच्या साऱ्या भुताळी सिनेमांचं आजोळ ते. मग ‘पाकीजा’ पन्नासच्या दशकात सुरू होऊन पडद्यावर यायला १९७२ साल लागलं. मीनाकुमारी सिनेमा लागल्यावर दोन महिन्यांच्या आत गेल्या. थांबण्याची किंमत असते, आणि कधी कधी ती दुसऱ्यालाच द्यावी लागते. परदेशात जोडोरोव्स्की नावाचे चिलीत जन्मलेले दिग्दर्शक आहेत, विलक्षण आणि बरेचसे भीतिदायक सिनेमे करणारे. १९९० नंतर तेवीस वर्षं त्यांचा एकही सिनेमा आला नाही. २०१३ साली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ते आपल्याच बालपणावरचा सिनेमा घेऊन आले. आणि आपले रत्नाकर मतकरी! आयुष्यभर गूढकथा आणि नाटकं लिहिली, आणि सत्तरी उलटल्यावर ‘इन्व्हेस्टमेंट’ हा पहिला सिनेमा दिग्दर्शित केला. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

ही नावं ऐकून कोणी म्हणेल, वा, थांबलं की यश मिळतंच. तसं मुळीच नाही. जे परत आले त्यांचीच नावं आपल्याला माहीत असतात. डब्यात बंद पडलेले सिनेमे, अर्ध्यावर सोडलेल्या पटकथा आणि कर्जात बुडालेली घरं यांची यादी कोणी छापत नाही. थांबलेल्या माणसाच्या घरी वीजबिल थांबत नाही, मुलांची फी थांबत नाही. म्हणून मी तरुणांना असं सांगणार नाही की नोकरी सोडा आणि पंचवीस वर्षं एका गोष्टीला चिकटून राहा. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते कलावंतापेक्षा आपल्याबद्दल, बघणाऱ्यांबद्दल, जास्त आहे.

‘तुंबाड’ करायला जिद्द बर्वेंची लागली, पैसा सोहम शाहांचा लागला. पण मधल्या सहा वर्षांत तो सिनेमा जिवंत कोणी ठेवला? एकमेकांना सांगणाऱ्या लोकांनी. जसा नागझिऱ्यात एका मित्राने धारप सांगितले, तसाच. त्या मित्राने सांगितलं नसतं तर गोष्टच निघाली नसती, आणि होस्टेलच्या पोरांनी सांगितलं नसतं तर ती संपली असती. दोन्ही टोकांना तुमच्या-आमच्यासारखी माणसं आहेत. करणारा थांबतो तेव्हा त्याची जागा धरून ठेवायची असते, गाडीत रुमाल टाकून ठेवतो तशी. आणि तो आला की, “पहिल्यासारखं नाही बुवा जमलं,” असं पहिल्याच दिवशी म्हणायचं नसतं. ‘मायासभा’ बघायला जाणारा प्रत्येकजण मनात ‘तुंबाड’ घेऊन जातो. हे स्वाभाविक आहे, पण थोडं अन्यायाचंही आहे. परत आलेल्या माणसाला त्याचा आजचा चेहरा घेऊन येऊ द्यावं.

हे सांगायला मी मुंबईचा दाखला घेतला, पण माझ्या डोळ्यांपुढे हा मांडव आहे. आपण इथे आलो ते पोटासाठी. कोणी गन कॅरेजमध्ये लागलं, कोणी खमरियाला, कोणी व्हेइकल फॅक्टरीत, कोणी विद्युत मंडळात, रेल्वेत, मेडिकल कॉलेजात. येताना पेटीत काय काय होतं! कोणाची हार्मोनियम, कोणाची एकांकिकेची वही, कोणाचा कथाकथनाचा पहिला नंबर. मग शिफ्ट ड्यूटी लागली, मुलांच्या परीक्षा आल्या, सासू-सासऱ्यांची आजारपणं आली, आणि ती पेटी पलंगाखाली गेली. विशेषतः आपल्या भगिनींची. लग्नाआधी रंगमंच गाजवलेल्या किती जणी या मांडवात वर्षानुवर्षं फक्त प्रसादाच्या करंज्या तळत आल्या आहेत, याचा हिशेब आपल्या एकाही अहवालात नाही.

त्यांच्यापैकी कोणी आज परत यायचं म्हटलं तर आपण त्यांना काय देतो? “आता या वयात?” किंवा, “आमच्या वेळी तुमचा आवाज काय होता!” दोन्ही वाक्यं प्रेमाची वाटतात आणि दोन्हीमुळे माणूस पुन्हा पलंगाखाली जातो. बर्वेंच्या नशिबाने त्यांना अनोळखी लाखो माणसं मिळाली. आपल्या माणसांना आपणच मिळणार, दुसरं कोणी नाही. गढ्यात बसून मराठीत लिहिणाऱ्याला, गाणाऱ्याला पुण्याहून कोणी ऐकायला येणार नाही. आपण नाही ऐकलं तर ते न ऐकलेलंच राहील.

म्हणून कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो आणि थांबतो. पुढच्या वर्षीच्या दहा दिवसांतली एक संध्याकाळ मोकळी ठेवा. स्पर्धा नको, परीक्षक नको, ढाली नकोत. ज्यांनी दहा-वीस-तीस वर्षांपूर्वी काही करायचं सोडलं असेल त्यांनी त्या संध्याकाळी पंधरा-पंधरा मिनिटं घ्यावीत. कोणी गोष्ट सांगावी, कोणी नाट्यप्रवेश करावा, कोणी चुकत-माकत पेटी वाजवावी. शेवटी दिवे जरा मंद करून कोणीतरी धारपांची एखादी कथा मुलांना तोंडी सांगावी. वाचून दाखवू नये, सांगावी. आपली मुलं मराठी वाचायला कुरकुरतात हे खरं आहे, पण घाबरायला कोणतं मूल नाही म्हणतं? आणि त्या रात्री जो घाबरून आईला बिलगेल, तो ती भीती पुढे कुठे घेऊन जाईल हे आज कोणी सांगू शकत नाही.

मदन महालाखाली सोन्याच्या विटा असतील-नसतील. त्या शोधायला जाणाऱ्यांनी ‘तुंबाड’ एकदा बघून जावं, एवढीच विनंती. पलंगाखालच्या पेट्या मात्र घरोघरी आहेत, आणि त्या उघडायला विहिरीत उतरावं लागत नाही.



गणपती बाप्पा मोरया!